दिवस भरल्यानंतरच्या सुया

गरोदरपणाच्या सुरुवातीला फाइलवर लिहिलेली तारीख एकदा उलटून गेली, की पुढचा प्रत्येक दिवस उशीर म्हणूनच मोजला जाऊ लागतो. पाठ धरलेली असते, कुशीवर वळायलाही हातांचा आधार घ्यावा लागतो, झोप तुकड्यातुकड्यांनी येते आणि सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये एकच प्रश्न असतो: अजून काहीच नाही? या प्रश्नामागे काळजीच असते हे कळत असूनही त्याचे उत्तर देताना आपल्याकडूनच काही करायचे राहून गेले आहे, असे वाटू लागते. अशाच दिवसांत मी ॲक्युपंक्चरकडे, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराकडे, वळले. औषध देऊन कळा आणण्याचा दिवस जवळजवळ ठरला होता आणि त्याआधी त्या आपसूक सुरू व्हाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा होती. त्या सुयांनी काय साधू शकते, काय साधत नाही, आणि त्यांच्यावर कोणती भिस्त ठेवल्याने शेवटी बाईवरच अन्याय होतो, याचा विचार मी तेव्हापासून करत आले आहे.

आधी त्या तारखेविषयी. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजण्याची रीत फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. पाळी दर २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, हे त्यात गृहीत धरलेले असते. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने हा अंदाज पुष्कळ सुधारतो. तरीही नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवडे पूर्ण होईपर्यंत जन्मलेले बाळ वैद्यकाच्या भाषेत वेळेवरच जन्मलेले असते. म्हणजे पाच आठवड्यांच्या एका पट्ट्याचा आपण एक दिवस करतो आणि मग त्या एका दिवसापाशी सगळे घर अडून बसते. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण ऐकून माहीत असणे आणि चाळिसावा आठवडा संपल्यावर आरशासमोर उभे राहून ते स्वतःला पटवणे, यांत फार अंतर आहे.

उपचार दिसायला अगदी साधा होता. कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन झोपायचे. सुया केसाहून थोड्याच जाड, प्रत्येक वेळी नव्या पाकिटातून काढलेल्या. एक हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात. या बिंदूला चिनी परंपरेत हेगू म्हणतात. एक पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकापासून चार बोटे वर, हा सान्यिन्जियाओ. काही कंबरेखाली, माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडावर. टोचताना दुखत नाही, पण सुई हलकेच फिरवली की त्या जागेभोवती एक जड, बधिर करणारी, पसरत जाणारी संवेदना उठते. उपचार करणाऱ्या बाई ती उठण्याची वाट पाहत आणि उठली का, असे विचारत. मग अर्धा तास स्तब्ध पडून राहायचे. त्यांनी पहिल्याच भेटीत मला बजावले होते, “बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून गेले किंवा पाणी गेले, तर आधी इस्पितळ गाठा. माझ्याकडे नंतर या.” त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही जो आदर आहे, त्याचे मोठे कारण हे वाक्य आहे.

हे बिंदू कळांशी कसे जोडले गेले, याची जी कथा सांगितली जाते ती सुखद नाही. पाचव्या शतकात दक्षिण चीनमध्ये ल्यू-सोंग घराण्याचे राज्य होते. त्या घराण्याचा ४७२ ते ४७७ या काळात गादीवर असलेला, कोवळ्या वयाचा आणि क्रूर म्हणून इतिहासात नोंदला गेलेला सम्राट एकदा श्यू वेन्बो या वैद्याबरोबर बाहेर पडला असता त्यांना एक गरोदर स्त्री दिसली. सम्राटाला स्वतःच्या नाडीज्ञानाचा अभिमान होता; त्याने सांगितले, पोटात मुलगी आहे. श्यू वेन्बोने सांगितले, जुळे आहे, एक मुलगा आणि एक मुलगी. कोणाचे खरे हे पाहण्यासाठी सम्राट त्या स्त्रीचे पोट चिरायला निघाला. ते पाहवेना म्हणून वैद्याने, सुयांनी गर्भ खाली आणतो, असे सांगून हाताच्या आणि पायाच्या, चिनी वैद्यक शरीरात मानते त्या, दोन वाहिन्यांवर सुया टोचल्या आणि जुळे बाहेर आले, असे दक्षिणेकडील राजवंशांच्या इतिहासात लिहिले आहे. पुढच्या वैद्यांनी या दोन वाहिन्यांवरचे बिंदू म्हणून हेगू आणि सान्यिन्जियाओ यांची नावे घेतली, आणि गरोदरपणात तिथे सुई टोचू नये, असा निषेध शतकानुशतके ग्रंथांतून चालत आला. आज दिवस भरलेल्या बाईला याच जागी सुया टोचल्या जातात, त्या याच निषेधाची दुसरी बाजू म्हणून: जे आधी गर्भ पाडते ते वेळेवर कळा आणेल.

या कथेत त्या स्त्रीचे नाव कुठेच नाही, आणि तिला कोणी काही विचारल्याचीही नोंद नाही. दोन पुरुषांमधला वाद तिच्या शरीरावर सोडवला गेला आणि त्यातून निघालेला नियम शेकडो वर्षे तिच्यासारख्यांच्या उपचारांना लागू राहिला. मला ही कथा वाचून फार वेळ अस्वस्थ वाटले होते. वैद्याची करुणा मला त्यात दिसते. तरी एका उपचाराचा पुरावा म्हणून ती मला स्वीकारता येत नाही.

शिवाय हा निषेध आधुनिक काळात तपासला गेला आहे. स्वीडनमध्ये ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांत वेदना होणाऱ्या ३८६ गरोदर स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला दिलेल्या सुयांमध्ये हेगूसारखे निषिद्ध मानलेले बिंदूही होते, आणि तेही गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत. वेदना कमी झाल्या; गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. गरोदर बाईला ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. मात्र तिच्यातून निघणारा दुसरा अर्थही प्रामाणिकपणे पाहायला हवा. पाचव्या-सहाव्या महिन्यात ज्या बिंदूने गर्भाशय हलत नाही, तो चाळिसाव्या आठवड्यात एकदम कळा सुरू करील, ही अपेक्षा त्या बिंदूच्या अंगभूत सामर्थ्यावर आधारता येत नाही. फरक पडलाच, तर तो शरीर आधीच त्या उंबरठ्यावर येऊन ठेपले असल्यामुळे पडेल.

आणि त्या उंबरठ्यावर शरीराला कोण आणते, हा मला या सगळ्यातला सर्वांत विलक्षण प्रश्न वाटतो. प्रसूती आई सुरू करते, असे आपण बोलण्याच्या ओघात धरून चालतो. १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. पोटातल्या कोकराच्या मेंदूखालची पीयूष ग्रंथी निकामी केली, तर दिवस उलटून गेले तरी मेंढीला कळा येत नसत; उलट कोकराला कॉर्टिसोल हे संप्रेरक दिले, की त्या वेळेआधीच सुरू होत. म्हणजे मेंढ्यांमध्ये जन्माची वेळ ठरवण्यात गर्भाच्याच शरीराचा हात होता. याच प्रयोगांत वेळेआधी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा चांगली फुगलेली दिसली, आणि त्यातून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देण्याचा उपचार पुढे आला. त्याने आजवर असंख्य बाळे वाचवली आहेत. माणसाची गोष्ट मेंढीइतकी सरळ नाही. माणसात वार स्वतः एक संप्रेरक तयार करते आणि त्याचे रक्तातले प्रमाण शेवटच्या आठवड्यांत वेगाने चढत जाते, बाळाच्या पक्व होणाऱ्या फुप्फुसांतूनही संदेश जात असावेत असे काही संशोधन सुचवते, गर्भाशयाच्या स्नायूंत ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जागा वाढत जातात, आणि हे सारे चालू असताना गर्भाशयाचे मुख हळूहळू मऊ होत राहते. सुईणी आणि डॉक्टर शिकवताना सांगतात, की तयार नसलेले गर्भाशयमुख बोटाला नाकाच्या शेंड्यासारखे लागते आणि तयार झालेले ओठासारखे. नाकाच्या शेंड्यापासून ओठापर्यंतचा हा प्रवास कित्येक दिवस, कोणाच्या नकळत चालू असतो. एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये या तयारीला गुण देण्याची पद्धत मांडली. मुख किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे, या पाच गोष्टी त्यात पाहतात.

या गुंतागुंतीत सुई कुठे बसते? तर्क करायला जागा नक्कीच आहे. कंबरेखालच्या त्या चपट्या हाडाला छिद्रे असतात, त्यांतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंचे गर्भाशयमुखाशी नाते आहे, आणि पाठीकडचे ते बिंदू नेमके या छिद्रांवर येतात. घोट्याजवळच्या बिंदूपाशी असणाऱ्या मज्जातंतूंची मुळेही मणक्याच्या त्याच खालच्या भागात पोहोचतात. सुईने उठलेली संवेदना मेंदूपर्यंत जाऊन ऑक्सिटोसिनच्या स्रावावर परिणाम करते, अशीही एक मांडणी आहे. हे सारे संभाव्य आहे आणि मला ते आकर्षक वाटते. संभाव्य असणे आणि घडणे यांमधले अंतर मात्र अभ्यासांनीच कापावे लागते.

अमेरिकेत ५६ पहिलटकरणींवर केलेला एक अभ्यास २००६ मध्ये आला. सुया घेतलेल्या स्त्रियांमध्ये कळा आपसूक सुरू होण्याचे प्रमाण काहीसे जास्त आणि सिझेरियनचे प्रमाण कमी दिसले. पण संख्या इतकी लहान होती, की तो फरक योगायोगानेही पडू शकला असता. अशा छोट्या अभ्यासांवरच पुष्कळ उत्साह उभा राहिला आहे. ऑस्ट्रेलियातील कॅरोलिन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दिवस उलटून गेलेल्या ३६४ स्त्रियांना, कळा आणण्याचे औषध ठरलेल्या दिवसाच्या आधी दोन दिवस, काहींना खरा आणि काहींना नकली उपचार दिला गेला. औषधांची गरज लागण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २२ अभ्यास आणि ३,४५६ स्त्रिया एकत्र पाहिल्या गेल्या. सिझेरियन कमी होते असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. गर्भाशयमुखाच्या तयारीत सुयांनी थोडा फरक पडत असावा, असे काही अभ्यासांत दिसले. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने तर २००८ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले होते, की कळा आणण्यासाठी ॲक्युपंक्चर, होमिओपॅथी, वनौषधी, एरंडेल, गरम पाण्याची आंघोळ, एनिमा किंवा शरीरसंबंध यांना उपलब्ध पुराव्याचा आधार नाही.

नकली उपचार म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवे. टेकवल्यावर दांड्यात मागे सरकणाऱ्या, त्वचेत न शिरणाऱ्या सुया वापरतात, किंवा खऱ्या सुया भलत्याच जागी टोचतात. दोन्ही प्रकारांत अंगावर स्पर्श होतोच, अर्धा तास कोणी तरी लक्ष देऊन सोबत असतेच. त्यामुळे नकली उपचाराने काहीच होत नाही असे म्हणता येत नाही, आणि ॲक्युपंक्चरचे समर्थक हा मुद्दा काढतात तो रास्तही आहे. पण एवढे मान्य करूनही, एखाद्या विशिष्ट बिंदूवरच्या सुईने कळा सुरू होतात हा दावा या आकड्यांतून उभा राहत नाही.

मग इतक्या बायका मनापासून का सांगतात, की सुया घेतल्या आणि त्याच रात्री कळा सुरू झाल्या? त्या खोटे बोलत नाहीत. चाळीस आठवडे उलटलेल्या शंभर स्त्रियांना कोणताही उपचार न देता नुसते थांबू दिले, तरी त्यांतल्या बहुतेकींना पुढच्या आठवड्याभरात कळा येणारच असतात. ज्या दिवशी येतील त्याच्या आदल्या दिवशी ज्या बाईने सुया घेतल्या असतील तिला सुयांचे श्रेय दिसेल, जी जिना चढली असेल तिला जिन्याचे. जिच्या बाबतीत काहीच झाले नाही, तिला मात्र ही गोष्ट सांगायला कोणी बोलावत नाही. डोकेदुखीवर एखादा उपाय लागू पडला का, हे पुन्हा करून पाहता येते. एका बाळंतपणात कळा एकदाच सुरू होतात आणि त्या होणारच असतात. त्या जवळ आल्या असताना केलेला प्रत्येक उपाय यशस्वी वाटावा, अशीच या काळाची घडण आहे.

माझ्या बाबतीत कळा आल्या नाहीत. ठरल्या दिवशी इस्पितळात दाखल झाले, आधी गर्भाशयमुख मऊ करणारी जेल आणि मग ऑक्सिटोसिनचे सलाइन, असे करत बाळ झाले, आणि ते बाळंतपण मला आजही आपलेच वाटते. सुयांच्या त्या अर्ध्या अर्ध्या तासांविषयीही मला खंत नाही. त्या दिवसांत माझ्या शरीराकडे पाहणारा प्रत्येक जण काही तरी मोजत होता. तिथे मला कोणी मोजले नाही. फोन बाहेर ठेवून, पायांवर कोणाचा तरी उबदार हात असताना, मी शांत पडून राहिले आणि त्यातल्या एका दुपारी मला कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली. थकलेल्या गरोदर बाईला हे मिळणे मला क्षुल्लक वाटत नाही. ते तिला सुयांच्या निमित्ताने मिळत असेल तर मिळावे.

मला खुपते ते वेगळेच. उपचार लागू पडला नाही, की बोलणे फार पटकन बाईकडे वळते: तुम्ही मनातून सैल होत नाही, तुमच्या मनात भीती बसली आहे, तुमचे शरीर प्रतिसाद देत नाही. मला हे माझ्या उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले नाही. इतरांनी, प्रेमाने, सांगितले. बाळाची फुप्फुसे, वार, गर्भाशयाचे स्नायू आणि त्याचे मुख यांच्यात चाललेला, शास्त्रज्ञांनाही पुरता न उलगडलेला व्यवहार एका बाईच्या मनाच्या सैलपणावर टांगणे क्रूर आहे. दिवस भरलेल्या बाईला आधीच पुष्कळ कामे सांगितलेली असतात, चाला, वाका, हे खा, ते खाऊ नका. त्यांत ‘कळा आणा’ हे आणखी एक काम घातले, की औषधाची वेळ आल्यावर ती स्वतःला नापास समजू लागते. ज्या उपचाराने बाईला विसावा मिळायचा त्यानेच तिच्यावर हे ओझे ठेवले, तर सुई कितीही बारीक असली तरी तिने इजा केली, असे मी म्हणेन.

आणि औषधाने कळा आणण्याविषयीची भीतीही तपासून पाहावी. एकदा औषध सुरू केले की गाडी सिझेरियनवरच जाऊन थांबते, असा समज मी स्वतः कितीदा ऐकला आहे. अमेरिकेत ६,००० हून अधिक पहिलटकरणींवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अराइव्ह या अभ्यासात ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के होते, तर वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के. स्वीडनमध्ये ४१ व्या आठवड्यात कळा आणणे आणि ४२ व्या आठवड्यापर्यंत थांबणे यांची तुलना करणारा अभ्यास तर मध्येच थांबवावा लागला, कारण थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. दोन्ही गटांत मिळून २,७०० हून अधिक स्त्रिया होत्या, म्हणजे एकेकीचा धोका लहानच होता. पण तो होता. जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झालेल्या स्त्रियांना कळा आणण्याची शिफारस करते ती याच कारणाने. म्हणून सुयांच्या आणखी एका खेपेसाठी ठरलेला दिवस पुढे ढकलावा, असे मी कोणालाही सुचवणार नाही. त्या दिवसापर्यंत सुया घ्याव्यात, त्या दिवसाऐवजी नव्हे. निव्वळ कळा लवकर आपसूक याव्यात एवढीच इच्छा असेल, तर डॉक्टरांनी किंवा सुईणीने आतून तपासताना बोट फिरवून पाणमोटेचे आवरण गर्भाशयमुखापासून सोडवण्याच्या साध्या उपायामागे सुयांपेक्षा पुष्कळ अधिक पुरावा आहे, अर्थात तो थोडा दुखतो आणि बाईने होकार दिल्याशिवाय करायचा नसतो.

शेवटच्या दिवसांत बाळ कमी हलते, जागा उरत नाही, हेही सर्रास सांगितले जाते आणि ते चूक आहे. हालचालींचा प्रकार बदलतो, त्या कमी व्हायला नकोत. वार गर्भाशयमुखावर असेल, अंगावरून जात असेल, रक्तदाब चढलेला असेल, पाणी गेले असेल, तर सुयांचा विचारच बाजूला ठेवून इस्पितळात जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर सुया घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. एरवी शिकलेल्या, नव्या निर्जंतुक सुया वापरणाऱ्या हातांकडून घेतलेल्या उपचारात एखादा काळानिळा डाग, थोडे रक्त किंवा क्षणभर भोवळ यापलीकडे फारसे काही होत नाही.

आता कोणी मैत्रीण दिवस भरल्यावर मला विचारते, तेव्हा मी तिला सुयांपासून परावृत्त करत नाही. उपचार करणारी व्यक्ती कळांची हमी देते का, तेवढे आधी पाहून घे, असे सांगते. देत असेल तर दुसरीकडे जा. आणि प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर हा विषय सोडून देऊ नकोस, असेही सांगते, कारण प्रसूतिवेदनांविषयीचा २०२० चा कॉक्रेन आढावा मला अधिक आशादायक वाटतो: त्यातल्या २८ अभ्यासांवरून, सुयांमुळे वेदनाशामक औषधांची गरज कमी होऊ शकते आणि त्या बिंदूंवर दिलेल्या नुसत्या दाबानेही वेदनेची तीव्रता उतरू शकते, असे दिसते. पुरावा तिथेही भक्कम म्हणण्याजोगा नाही. पण दाब देण्यासाठी सुई लागत नाही, पदवी लागत नाही. कंबरेखाली कुठे आणि किती जोराने दाबायचे, हे सोबत राहणाऱ्या माणसाला आठवडाभर आधी शिकवून ठेवता येते.